बुंध्याशी साठलेला भुसा

१६ ऑगस्ट २०१०, संध्याकाळचे सहा. क्योतो शहरात कामो नदीच्या काठावर तुम्ही गर्दीत उभे आहात. आठ वाजता समोरच्या डोंगरावर 'दाइ' हे अक्षर जाळाने उजळणार आहे. दाइ म्हणजे मोठा. पितर चार दिवस घरी राहून गेले, त्यांना वाट दाखवायची ही रात्र. आपल्या सर्वपित्रीसारखंच, फक्त इथं कावळ्याची वाट बघत नाहीत, डोंगर पेटवतात. उकाड्याने अंगाची लाही झालीय. हा उन्हाळा पुढे जपानातला १८९८ पासूनचा सगळ्यात तापलेला उन्हाळा ठरणार आहे, पण गर्दीतल्या कुणाला ते आकडे अजून माहीत नाहीत. ते नुसते घाम पुसताहेत.

सगळे अंधाराची वाट बघत आहेत. तुम्ही उजेड आहे तोवर डोंगर बघून घ्या. हिगाशियामाची ती रांग गर्द हिरवी आहे, पण तिच्यावर मधूनच विटकरी ठिपके उमटलेत. एक इथं, चार तिथं, मग एकदम घोळका. शेजारच्या आजी हातपंख्याने वारा घेत तिकडे बघतात आणि नातवाला म्हणतात, "यंदा पानं लवकर रंगली बघ." तुम्ही काही बोलू नका. क्योतोत पानं रंगायला अजून तीन महिने आहेत.

गर्दीतून मागे सरका आणि डोंगराची पायवाट धरा. वीस मिनिटांत तुम्ही त्यातल्या एका ठिपक्याखाली याल. झाड कोनाराचं आहे, ओकच्या कुळातलं, तुमच्या कवेत मावणार नाही एवढ्या बुंध्याचं. वर बघा. सगळी पानं तांबडी, कुरकुरीत, आणि सगळी जागच्या जागी. एकही गळलेलं नाही. झाड आपल्या वेळेने पान टाकतं तेव्हा देठाशी आधी गाठ सोडवून ठेवतं. या झाडाला तेवढीही फुरसत मिळाली नाही. ही पानं अशीच लटकत हिवाळ्यापर्यंत राहतील.

आता खाली बघा. बुंध्याभोवती, मुळांच्या बेचक्यांत, भुशाचा ढीग आहे. गिरणीत जात्याखाली पीठ साठतं तसा, फिकट पिवळा. चिमटीत घेऊन चोळा. त्यात दोन जाती सापडतील. काही भुसा तंतूंचा आहे, लाकडाच्या बारीक सळ्यांसारखा. काही मैद्यासारखा मऊ. तंतू आईबापांनी काढलेत, मैदा पोरांनी. वास आंबट आहे, किंचित दारूकडे झुकणारा. खोडावरून हात फिरवला तर बोटाला भोकं लागतील, टाचणीच्या डोक्याएवढी. मोजायला लागाल तर शंभरापाशी कंटाळाल, आणि तोवर बुंध्याची एकच बाजू झालेली असेल.

हे कुणी केलं ते बघायचं तर सात आठवडे मागे जावं लागेल.

जूनचा शेवट. तेच झाड, सकाळची वेळ, पाऊस पडून गेलेला. पानं हिरवीगार आहेत आणि त्यांवरून पाणी ठिबकतंय. तुम्ही बुंध्याला नाक लावून उभे राहा, कारण जे घडणार आहे ते तांदळाच्या दाण्याएवढं आहे. दोरीच्या तुकड्यासारखा लांबट, तपकिरी भुंगेरा येऊन सालीवर बसतो. जपानीत त्याला 'काशिनागा' म्हणतात. आपल्या कानाला हे एखाद्या गोसाव्याचं नाव वाटतं, पण 'काशि' म्हणजे ओकची एक जात आणि 'नागा' म्हणजे लांब. शास्त्रीय नाव प्लॅटिपस क्वेर्सिव्होरस. मुरायामा नावाच्या कीटकशास्त्रज्ञांनी १९२५ मध्ये त्याची नोंद केली तेव्हा 'ओक खाणारा' अशा अर्थाचं हे नाव ठेवलं. नाव चुकलं, असं मी म्हणेन. हा प्राणी ओक खात नाही. लाकूड तो नुसतं कोरतो आणि दाराबाहेर टाकतो. त्याचं खाणं वेगळंच आहे.

हा नर आहे. तो खोडात शिरायला लागला. थोडा आत गेला की तो गंध सोडतो; या गंधातल्या मुख्य रेणूला क्वेर्सिव्होरॉल म्हणतात. आपल्याला काही जाणवत नाही, पण रानातल्या काशिनागांना निरोप पोचतो. मादी येते. दाराशी नर-मादी एकमेकांना बारीक किरकिर ऐकवतात, नर बाहेर येऊन वाट देतो, मादी आत उतरते, आणि मग नर तिच्या मागून आत जाऊन दार अडवून बसतो. इथून पुढे बोगदा ती खणणार आणि भुसा तो ढकलणार. संसाराची ही वाटणी तुम्हाला ओळखीची वाटली तर दोष माझा नाही.

मादी आत जाण्याआधी तिची पाठ बघून घ्या. डोक्यामागच्या कवचावर मोजक्या वाटोळ्या खळग्या आहेत, सुईच्या टोकाने टोचल्यासारख्या. त्या खळग्यांमध्ये बियाणं आहे. माहेरहून निघालेल्या पोरीने पदराला विरजण बांधून आणावं तशी ती जन्मघरातली बुरशी बरोबर घेऊन आलीय. बोगद्याच्या भिंतींना ती लागते, वाढते, आणि अंड्यांतून निघालेल्या अळ्या तीच खाऊन मोठ्या होतात. म्हणजे हा किडा मुळात शेतकरी आहे. जमीन म्हणजे झाड, पीक म्हणजे बुरशी. मोठ्या झालेल्या अळ्या स्वतः बोगद्याला फाटे फोडतात, त्यांतच हिवाळा काढतात, आणि पुढच्या जूनमध्ये सगळं गोकुळ आईबापांनी कोरलेल्या त्याच एका दारातून बाहेर पडतं.

त्या विरजणात खाण्याच्या बुरशीबरोबर आणखी एक बुरशी येते: राफाएलिआ क्वेर्सिव्होरा. हिचं वर्णन व्हायला २००२ साल उजाडलं. तिचे धागे बोगद्यातून आजूबाजूच्या ओल्या लाकडात शिरतात. झाडाला कळतं की घरात कुणीतरी घुसलंय. मग ते आपणच दारं लावून घेतं. जिथं जिथं धागा पोचला तिथल्या पाणी वाहणाऱ्या नळ्या कामातून जातात आणि लाकूड काळपट तपकिरी पडतं. एका जोडप्यापुरतं हे झालं असतं तर झाडाने मनावरही घेतलं नसतं. पण त्या गंधावर शेकडो नर आलेत, त्यांच्यामागे शेकडो माद्या. शत्रूला पाणी मिळू नये म्हणून गावाने एकेक करून सगळ्या विहिरी बुजवाव्यात आणि मग उन्हाळा यावा, तसं होतं. जुलै-ऑगस्टच्या उन्हात पानं पाणी मागतात आणि खालून येत नाही.

सांगोला-आटपाडीकडच्या डाळिंबवाल्याला हे वाचून पोटात कालवेल. तिकडेही खोडावर अशीच टाचणीची भोकं दिसतात, बुंध्याशी असाच भुसा पडतो, आणि 'मर' लागली की हिरवी बाग उभी वाळते. किडा वेगळा, बुरशी वेगळी, देश वेगळा. पण खोडात बुरशीची शेती करणारी ही बिरादरी एकच. कोकणातल्या आंब्याचं भिरूड मात्र या गोतातलं नाही. ते खरोखरच लाकूड खातं. त्याला तार घालून बाहेर तरी काढता येतं.

आता नोव्हेंबर २०१०. शहराच्या उत्तरेला ओहाराच्या वरचा एक उतार. पाच-सहा माणसं हेल्मेट घालून मेलेले ओक पाडताहेत. त्यांच्या तोंडी रोगाचं नाव 'नारागारे' आहे: 'नारा' म्हणजे ओक, 'गारे' म्हणजे वाळणं. पाडलेल्या खोडाचे ओंडके करायचे, ते रचून प्लास्टिकच्या जाड कागदाने झाकायचे, आत औषधाची वाफ सोडायची, म्हणजे पुढच्या जूनचं गोकुळ आतच संपेल. हे काम महागडं आहे, पाठ मोडणारं आहे, आणि डोंगर मोठा आहे. जिवंत झाडांच्या बुंध्यांना काही ठिकाणी प्लास्टिक गुंडाळलंय. एका झाडापाशी दोन निवृत्त गृहस्थ गुडघ्यांवर बसून एकेका भोकात दात कोरायच्या काड्या ठोकताहेत. हसू नका. ही खरंच वापरली जाणारी पद्धत आहे, आणि नावाजलेलं एखादं जुनं झाड वाचवायचं असेल तर माणसं याहून वेडी कामंही करतात.

मेलेल्या एका बुंध्याजवळ जमिनीतून करंगळीएवढी लालभडक बोटं वर आलीत, एखादी आग गोठून राहावी तशी. हात लावू नका. हिला काएन्ताके म्हणतात, ज्वालेची बुरशी. नुसत्या स्पर्शानेही कातडीला इजा होते असं म्हणतात, आणि पोटात गेली तर माणूस मरू शकतो. मेलेल्या ओकच्या मुळांपाशी तिला जागा मिळते, त्यामुळे नारागारेच्या मागोमाग तीही आली.

त्या वर्षी देशभरात सव्वातीन लाख घनमीटर ओक मेले. मिझुनारा ही जात तर काशिनागाने धरली की निम्म्याहून जास्त झाडं जातात. कोनारा त्यामानाने चिवट. नंतर आकडे उतरले, लोकांना वाटलं संपलं, आणि २०२० च्या आसपास ते पुन्हा चढले. या वेळी तोक्योच्या बागांपर्यंत. २०२३ मध्ये समुद्र ओलांडून होक्काइदोच्या दक्षिण टोकाला रोग सापडला. ज्या मिझुनाराच्या पिंपांत मुरलेली व्हिस्की जगभर चढ्या भावाने विकली जाते, त्याची मोठी जंगलं होक्काइदोतच आहेत. पण तो प्रवास तुमचा तुम्ही करा. मला तुम्हाला मागे न्यायचंय.

या कापलेल्या खोडापाशी बसा. माणसं जेवायला गेलीत. बाहेरच्या कडेचं लाकूड काळं पडलंय, शाई सांडल्यासारखं. ते याच उन्हाळ्याचं. बोट सालीपाशी ठेवा आणि वलयं मोजत आत सरका.

२००० च्या आसपास थांबा. रान गच्च आहे आणि पायवाटा बुजल्यात. १९९०, १९८५: जपान समुद्राच्या बाजूने, यामागाता, निइगाता, फुकुइ अशा प्रांतांमधून, रोगाच्या बातम्या यायला लागल्यात, पण इथं शांतता आहे. फार शांतता. १९७० च्या वलयावर बोट ठेवा आणि कान द्या. कुऱ्हाड नाही, करवत नाही, हाक नाही. खाली वस्तीतल्या प्रत्येक घरामागे गॅसचं सिलिंडर उभं आहे. उतारावर कोळशाची एक भट्टी आहे, तिचं छत खचलंय आणि आत नेचे उगवलेत. एकच माणूस कधीतरी येतो. हाताएवढ्या जाडीचे ओंडके नेतो, त्यांना भोकं पाडतो आणि भोकांत लाकडाच्या खुंट्या ठोकतो. त्या खुंट्यांमध्ये शिइताके अळंब्यांचं बियाणं वाढवलेलं असतं. ही युक्ती मोरी किसाकु यांनी १९४० च्या दशकात काढली आणि तिच्यावर जपानची शिइताकेची शेती उभी राहिली. ओकला भोक पाडायचं, बुरशी पेरायची, पीक खायचं. काशिनागा हेच लाखो वर्षं करत आला, आणि त्याला पेटंट नाही.

आणखी आत. वलयं लहान होत होत मध्यावर येतात. पण जरा जपून, कारण इथं बोट घसरतं. खोडाचा गाभा संपला तरी झाड संपत नाही. खालचं मूळ या खोडाहून कितीतरी जुनं आहे. या मुळावर याआधी कितीतरी खोडं येऊन गेली. घसरलात तर कुठेही जाल. बघा, गेलातच.

अठराव्या शतकाचा मध्य, शोगुनांचा अंमल. तुम्ही उत्तर शिनानोत आहात, आजच्या नागानो प्रांतात इइयामाच्या बाजूला. दिव्याच्या उजेडात कुणीतरी कागदावर ब्रश टेकवून लिहितंय की ओकला कीड लागली आणि झाडं वाळली. हा कागद एकविसाव्या शतकात संशोधकांच्या हाती लागेल आणि एक वाद मिटेल. रोग बाहेरून आला असेल, असा काहींचा कयास होता. जपानच्या पाइनचं तसंच झालं. अमेरिकेतून आलेल्या सूक्ष्म सूत्रकृमीने विसाव्या शतकात पाइनची रानंच्या रानं झोपवली. पण हा किडा इथलाच, घरचा. १९३० च्या दशकात दक्षिण क्युशूतही त्याने झाडं मारल्याच्या नोंदी आहेत. मग तो अधूनमधून येई आणि निघून जाई, तो १९८० नंतर ठाण मांडून का बसला? लिहिणाऱ्याला विचारू नका. त्याला ते ठाऊक नाही, आणि तुमचे कपडे पाहून तो घाबरेल.

मुळाला धरून वर या. गाभ्याच्या अगदी पहिल्या वलयाच्या आधीचा हिवाळा. फेब्रुवारी १९५६.

थंडीने दात वाजतील. तोच उतार आहे, पण ओळखू येणार नाही. रान कुठं आहे? समोरचा निम्मा डोंगर बोडका, शेजारच्या पट्ट्यावर मांडीएवढी झाडं, त्यापलीकडे मनगटाएवढी, त्यापलीकडे नुसती काठीएवढी. गोधडीच्या ठिगळांसारखा डोंगर. खालून दरीतलं घर दिसतं, घरावरचा बर्फ दिसतो, कामावरच्या माणसांची हाक स्पष्ट ऐकू येते. भट्टीतून धूर निघतोय आणि तिच्यासमोर पन्नाशीचा एक माणूस उकिडवा बसून त्या धुराकडे बघतोय.

"या पाहुणे, शेकायला या," ते म्हणतात आणि पुन्हा धुराकडे बघतात. पांढरा धूर म्हणजे अजून पाणी जातंय. तो निळसर झाला, मग विरळ होऊन दिसेनासा झाला, की माती लिंपून भट्टी बंद करायची. एक तास आधी बंद केली तर कोळसा धुरकट, उशिरा केली तर राख. घड्याळ त्यांच्यापाशी नाही. भट्टी थंड व्हायला काही दिवस लागतात. तोवर वर जाऊन पुढची तोड.

त्यांच्या बायकोने पेंढ्याच्या पोत्यात कोळसा भरून ठेवलाय. या वस्तीच्या बायका डोक्यावर चुंबळ ठेवून सरपण आणि कोळसा क्योतोत विकायला नेत. चित्रांमधून त्यांना बघायला शहरी लोकांना आवडतं, वजन उचलायला नाही. बाई तक्रारीच्या सुरात सांगतात की गेल्या खेपेला नेहमीच्या दोन घरांनी पोतं परत पाठवलं. गॅस घेतलाय म्हणे. नुसता खटका फिरवायचा.

"घेऊ देत," नवरा म्हणतो. "भात काही त्यावर चांगला होत नाही."

तुम्ही त्यांच्या मागोमाग वर जा. ते एका झाडापाशी थांबतात. वीस वर्षांचं कोनारा, मांडीहून थोडं जाड. करवत जमिनीलगत धरतात. "खाली कापायचं आणि जरा उतरतं. पाणी साठलं की मूळ कुजतं." झाड पडतं, फारसा आवाज न करता, एवढ्या लहान झाडाला आवाज तो केवढा असणार. "आता पानगळ आहे, ताकद सगळी मुळात. मे महिन्यात इथून झुडपासारखे कोंब फुटतील. दोन-तीन ठेवायचे, बाकीचे खुडायचे. मग परत आहेच वीस वर्षांनी."

"आणि तोडलंच नाही तर?"

त्यांना प्रश्नच कळत नाही. मग ते हसतात. "तोडलं नाही तर जाड होतं. फार जाड झालं की मग तोडूनही फुटत नाही, मूळ म्हातारं होतं. आणि कीड धरते."

"कसली कीड?"

ते रचलेल्या ओंडक्यांमधून एक जुना, जाड ओंडका पायाने लोटतात. हद्दीच्या खुणेसाठी राखलेलं झाड होतं, यंदा वाळलं. कापलेल्या तोंडावर काळे बोगदे दिसतात, वळणावळणाचे, आणि बोगद्यांभोवती तपकिरी डाग. तुम्ही हे ओळखता. ते ओंडका उचलतात आणि भट्टीच्या वाटेवर टाकतात, पुढच्या खेपेला पेटवायला. "असतो तो. कायमचा आहे. पण बारीक झाडात त्याचा संसार होत नाही, आणि जाड झालेलं आम्ही ठेवत नाही."

भट्टी पेटवायला म्हणजे कुठल्याही परिस्थितीत जूनच्या आधी. एवढं तुम्हाला लगेच लक्षात येतं. हा माणूस तुमच्या २०१० मधल्या वाफ सोडणाऱ्या पथकाचं काम, हेल्मेट न घालता, नफ्यात करतोय आणि त्याला आपण तसं काही करतोय हे ठाऊकही नाही. किडा होता, बुरशी होती, ओक होते. कुणी आणून सोडलं नाही. फक्त हा माणूस उद्या डोंगरावर यायचा थांबेल. त्याचा मुलगा शहरातल्या कारखान्यात लागेल. आज तोडलेल्या या झाडाच्या मुळातून फुटलेले कोंब कुणी मोजणार नाही. ते मनगटाएवढे होतील, मांडीएवढे होतील, मग कवेत न मावण्याएवढे. आणि शहरातून फिरायला येणारे लोक खाली उभे राहून म्हणतील, काय सुंदर जुनं जंगल आहे, कुणी हात लावलेला नाही. पुढे २०१० मध्ये ही झाडं पाडून मोकळी केलेली जागा तरी पुन्हा भरेल, असं तुम्हाला वाटेल. पण तिथं जी थोडी फूट येईल ती हरणं खातील. १९५६ मध्ये हरणं फारशी नाहीत. तीही आता निवांत वाढतील.

सांगावंसं वाटतं. पण काय सांगणार? की गॅस घेऊ नका? पहाटे चारला उठून धुराचा रंग बघत बसायचं, पाठीवर ओझं, छातीत काजळी, आणि पोत्यामागे मिळणारे पैसे तुम्हाला त्या बाईंनी मघाशी सांगितलेत. तुम्ही स्वतः चुलीवर परत जाल का?

"तुम्ही पुन्हा या," ते म्हणतात. "आता इथं बघण्यासारखं काही नाही. वीस वर्षांनी या, हाच उतार परत तोडायला आलेला असेल."

तुम्ही मनात हिशेब करता: १९७६. त्या वलयावरून तुमचं बोट मघाशीच गेलं. तिथं कुणी नव्हतं.

ताज्या बुंध्याशी करवतीचा भुसा पडलाय, पांढरा, ओला, गोडसर वासाचा. ते वाकून तो हाताने बाजूला सारतात, मुळावर ऊन पडावं म्हणून, आणि करवत खांद्यावर टाकून पुढच्या झाडाकडे जातात.